भूक मारण्याची औषधे



चालकांनी आम्हांला विषय दिला तो भूक मारण्याच्या औषधांचा, आणि दिवस दिला तो ऐन आंब्याच्या हंगामातला. बाजारात हापूसच्या पेट्या उतरल्या आहेत, समोर बसलेल्यांपैकी निम्मी मंडळी दुपारी आमरसपुरी जेवून आलेली असावीत, आणि अशा श्रोत्यांपुढे वजन उतरविण्याविषयी बोलावयाचे हे धाडसच म्हटले पाहिजे. तरीही आम्ही ते पत्करले. याचे कारण असे की, या बाबतीत आमच्या हातून एकदा चूक झालेली आहे आणि ती चारचौघांत सांगावी असे पुष्कळ दिवस मनात होते. ती कोणती, हे पुढे योग्य ठिकाणी येईलच.

आम्ही दवाखाना उघडला त्याला चाळीस वर्षे होत आली. सुरुवातीच्या दिवसांत 'भुकेचे औषध' म्हणजे भूक आणणारे औषध असाच अर्थ होता. आया आपल्या पोरांना दंडाला धरून आणीत आणि म्हणत, "डॉक्टर, हा काही जेवत नाही, ह्याला भुकेचे काहीतरी द्या." आम्हीही लाल रंगाच्या टॉनिकची बाटली लिहून देत असू. आज तीच पोरे चाळिशी ओलांडून, पोट सावरीत, आमच्यासमोर येऊन बसतात आणि म्हणतात, "डॉक्टर, भूक मारायचे काही आहे का?" त्या टॉनिकचा या पोटाशी काही संबंध असेल काय, अशी शंका मनात येते, पण ती आम्ही बोलून दाखवीत नाही.

देशाचेही असेच झाले आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसून आले की, आपल्याकडील प्रौढ स्त्रियांपैकी शेकडा २४ स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आहे आणि त्याच वेळी शेकडा सुमारे १९ स्त्रिया प्रमाणाबाहेर रोडावलेल्या आहेत. म्हणजे अर्धपोटी माणूस आणि अतिपोटी माणूस एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, राहतात. आजचे आमचे बोलणे दुसऱ्याविषयी आहे, पण पहिल्याचा विसर पडून चालणार नाही.

आता लठ्ठ माणसाविषयी आपणा सर्वांचे एक ठाम मत असते, आणि ते फार जुने आहे. तो अधाशी आहे, त्याला तोंडावर ताबा नाही, हे ते मत. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण हसत हसत वापरतो आणि साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी बशी उचलतो. या मतात नवल असे की, ज्यांचे वजन वाढलेले असते त्यांचेही स्वतःविषयी हेच मत असते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचे वर्णन आले आहे. त्यात अतिशय भूक आणि अतिशय तहान हे त्या विकाराचेच दोष म्हणून गणले आहेत. हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. माणूस अधाशी आहे म्हणून लठ्ठ झाला एवढ्यावरच ग्रंथकार थांबत नाही. लठ्ठपणा आला की भूक पेटते, असेही तो सांगतो. तेथे उपाय सांगितला आहे तोही मार्मिक आहे. पचावयास जड पण पोषण न करणारे, असे अन्न या माणसाला द्यावे; म्हणजे पोट भरलेले राहील आणि अंग वाढणार नाही. अगदी नव्या इंजेक्शनांचा एक परिणाम अन्न पोटात जास्त वेळ राहावे असा आहे. दोन्ही एकच, असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. पण भुकेशी नुसते भांडून भागत नाही, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते एवढे खरे.

भूक म्हणजे काय, हे सर्वांत स्पष्टपणे दाखविणारा प्रयोग युद्धाच्या काळात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झाला. १९४४-४५ साली ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण घेतले. विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे लोक होते. म्हणजे मनाचे दुबळे खासच नव्हते. सहा महिने त्यांचा आहार सुमारे निम्म्यावर आणला. त्यांचे वजन चौथ्या हिश्श्याच्या आसपास उतरले, पण त्याबरोबर माणसेच बदलून गेली. त्यांना अन्नावाचून दुसरे काही सुचेना. ताटल्या चाटून पुसून ते खाऊ लागले, स्वयंपाकाची पुस्तके जमवू लागले, स्वप्नातही जेवणे दिसू लागली. पुढे पोटभर अन्न मिळू लागले तेव्हाही काही जण भरपूर जेवून उठत आणि भूक तशीच आहे म्हणून सांगत. हे तत्त्वनिष्ठ लोक सहा महिन्यांत अधाशी कसे झाले? ते अधाशी झाले नाहीत. त्यांचे शरीर गमावलेले वजन परत मागत होते.

शरीर हे मागणे कसे मागते, त्याचा उलगडा बराच पुढे झाला. १९९४ साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या द्रव्याचे जनुक सापडले. आपल्या अंगातील चरबी हे द्रव्य रक्तात सोडते, आणि कोठारात किती माल शिल्लक आहे याची बातमी मेंदूस पोहोचविते. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदू समजतो की दुष्काळ आला. मग तो भूक वाढवितो आणि शरीराचा खर्च आवळतो. जठर आणि आतडीही आपापले निरोप धाडीत असतात. काही 'खा' म्हणून, काही 'पुरे' म्हणून. २०११ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील संशोधकांनी ५० लठ्ठ माणसांस दहा आठवडे फार थोड्या आहारावर ठेवले, त्यांचे वजन उतरविले, आणि वर्षभराने पुन्हा त्यांचे रक्त तपासले. भूक वाढविणारे निरोप तेव्हाही वाढलेलेच होते. वर्ष झाले तरी शरीर ते वजन विसरले नव्हते.

हे सगळे आम्ही इतके सविस्तर सांगितले, कारण भूक मारण्याच्या औषधांचा सगळा इतिहास या एका गोष्टीकडे पाठ फिरविल्यामुळे बिघडला आहे. भूक ही तीन महिन्यांपुरती वाईट सवय आहे, असे डॉक्टरांनी धरले. तिला तीन महिने दाबून टाकावे, वजन उतरले की औषध बंद करावे, आणि पुढे माणसाने शहाण्यासारखे वागावे, असा हिशेब. भूक मात्र आयुष्यभराची पहारेकरीण आहे.

या घराण्यातील पहिले औषध ॲम्फेटामिन. बर्लिन येथे १८८७ साली एदेलेआनू या रुमानियन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम तयार केले. पण त्याचे करावयाचे काय, हे पुढे चाळीस-एक वर्षे कोणास कळले नाही. १९३० नंतरच्या दशकात ते चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी हुंगण्याच्या नळीतून अमेरिकेत विकले जाऊ लागले आणि मग त्याच्या गोळ्या आल्या. दिवसा बसल्या जागी झोप लागण्याचा एक विकार आहे, त्यावर त्या देत. ते रोगी जागे राहू लागले, आणि डॉक्टरांच्या ध्यानात आले की हे लोक वाळतही आहेत. झाले! युद्धात ज्या गोळ्या सैनिकांना जागे ठेवण्यासाठी वाटल्या, त्याच युद्धानंतर गृहिणींना बारीक ठेवण्यासाठी मिळू लागल्या. गोळी घेतली की भूक जाते, अंगात हुशारी येते, घरकाम झरझर होते. मात्र भूक जाण्याचा गुण काही आठवड्यांत ओसरू लागतो आणि गोळीवाचून चैन न पडण्याचा अवगुण मागे राहतो. मग एकीच्या दोन, दोनीच्या चार. रात्री झोप नाही म्हणून झोपेची गोळी वेगळी.

त्याच सुमारास अमेरिकेत 'इंद्रधनुषी गोळ्या' म्हणून एक प्रकार निघाला, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. वजन उतरविण्याचेच दवाखाने उघडलेले असत. तेथे डॉक्टर रोग्याला रंगीबेरंगी गोळ्यांची पुडी आपल्याच कपाटातून देत. रोग्याला वाटे, ही खास आपल्यासाठी बेतलेली आहे. त्या रंगांत असे काय? एक ॲम्फेटामिन, भूक मारण्यास. एक थायरॉइड, शरीराची भट्टी पेटविण्यास. एक लघवी वाढविणारी आणि एक जुलाबाची. यांनी चरबीचा कणही जात नाही, नुसते पाणी जाते, पण काट्यावर आकडा तेवढा खाली येतो. ॲम्फेटामिनची धडधड झाकण्यास एक गुंगीची. आणि या मेळ्यात डिजिटॅलिस हे हृदयाचे औषध. आता ज्यांना वैद्यक येत नाही त्यांनाही यातली मेख समजेल. लघवी आणि जुलाब यांनी शरीरातले पोटॅशियम निघून जाते. पोटॅशियम कमी झालेल्या माणसास डिजिटॅलिस दिले तर हृदयाचा ताल बिघडतो आणि प्रसंगी ते थांबते. धडधाकट बायका, वजन थोडे जास्त एवढाच दोष, आणि अशा बायका दगावल्या. १९६८ च्या जानेवारीत 'लाइफ' साप्ताहिकाच्या सुझॅना मॅकबी या लेखिकेने स्वतः दहा डॉक्टरांकडे जाऊन पाहिले. ती लठ्ठ नव्हती. तरी तिला १,४७९ गोळ्या मिळाल्या! त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे या प्रकाराची चौकशी झाली, आणि पुढे १९७० च्या कायद्यानंतर ॲम्फेटामिनवर कडक निर्बंध आले.

ही अमेरिकेची गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. 'शंभर टक्के आयुर्वेदिक, दुष्परिणाम नाही' असे लिहिलेले चूर्ण टपालाने मागविणारे लोक आपल्या ओळखीत नाहीत काय? अशा कित्येक 'वनस्पतिजन्य' मालांत बंदी घातलेले औषध गुपचूप मिसळलेले अमेरिकेच्या औषध प्रशासनास वारंवार सापडले आहे. इंद्रधनुष्याचे रंग पुसले गेले, पुडी कायम आहे.

युरोपातही ठेच लागली. ॲमिनोरेक्स नावाची गोळी १९६५ च्या सुमारास स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि पश्चिम जर्मनी येथे आली. दोन-तीन वर्षांत तेथील डॉक्टरांना फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेले रोगी एकाएकी जास्त दिसू लागले. हा रोग एरवी दुर्मिळ आणि असाध्य. १९६८ साली गोळी मागे घेतली. ज्यांची फुप्फुसे गेली ती गेली.

यातून शिकून डॉक्टर सावध झाले असतील, असे आपणांस वाटेल. फेंटर्मिन हे ॲम्फेटामिनच्याच कुळातले, पण सौम्य औषध १९५९ पासून अमेरिकेत काही आठवड्यांच्या वापरासाठी मान्य होते. फेनफ्लुरामिन हे दुसरे. रॉचेस्टर विद्यापीठाच्या मायकेल वाइनट्राब यांनी दोन्ही एकत्र देऊन पाहिली आणि १९९२ साली १२१ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. ३४ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.२ किलो उतरले. नुसती पथ्य-व्यायामाची शिकवण आणि खोट्या गोळ्या मिळालेल्यांचे ४.६ किलो. १२१ रोगी! एवढ्या शिदोरीवर सारा देश निघाला. १९९६ या एका वर्षात या औषधांच्या १ कोटी ८० लाख चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, आणि ही जोडी एकत्र द्यावयास सरकारची मान्यता कधी मिळालेलीच नव्हती. १९९७ च्या ऑगस्टमध्ये मेयो क्लिनिकच्या हायडी कॉनोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ स्त्रियांची हकिगत छापली. त्यांच्या हृदयाच्या झडपा जाड होऊन गळू लागल्या होत्या. पुढच्याच महिन्यात फेनफ्लुरामिन बाजारातून गेले. आपल्याकडे त्यावर १९९८ साली बंदी आली.

आता आमची गोष्ट.

फेनफ्लुरामिन गेले त्याच वर्षी अमेरिकेत सिब्युट्रामिन मान्य झाले, आणि थोड्याच वर्षांत ते आपल्या बाजारातही आले. कंपनीचा माणूस गुळगुळीत कागदावरची पत्रके घेऊन दवाखान्यात येई. आमच्याकडे एक शिक्षिका येत असत. वय चाळीस-बेचाळीस, वजन ८८ किलो, रक्तदाब काठावरचा. जिने चढवत नाहीत, वर्गातली पोरे मागून नावे ठेवतात, ही त्यांची तक्रार. आम्ही सिब्युट्रामिन लिहून दिले. सहा महिन्यांत सात किलो वजन उतरले. बाई खूश, आम्ही त्याहून खूश. पण नाडी जलद चालू लागली होती आणि रक्तदाब काठ ओलांडून पलीकडे गेला होता. त्या क्षणी औषध थांबवावयाचे. आम्ही ते थांबविले नाही. रक्तदाबाची एक गोळी वाढवून दिली. इंद्रधनुषी गोळ्यांवर आम्ही आत्ता ताशेरे ओढले. ही आमची दोन रंगांची पुडी होती!

पुढे त्यांच्या मुलीचे लग्न निघाले, खर्च वाढला, आणि त्यांनी औषध आपणहून सोडले. वर्षभरात सातही किलो परतले आणि वर दोन आले. त्या आल्या तेव्हा खाली मान घालून बसल्या होत्या. आम्ही त्यांना काय म्हणालो? "बाई, औषधाने आपले काम केले. तुम्ही तोंडावर ताबा ठेवला नाहीत." त्या काही बोलल्या नाहीत. त्यानंतर पाच-सहा वर्षे त्या आमच्याकडे आल्या नाहीत.

२०१० साली सिब्युट्रामिनची मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. सुमारे दहा हजार माणसे, वय पंचावन्नच्या पुढचे, बहुतेकांस हृदयविकार किंवा मधुमेह अथवा दोन्ही. औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ११.४ जणांस हृदयाचा झटका, पक्षाघात किंवा तशीच गंभीर आपत्ती आली. खोटी गोळी घेणाऱ्यांत शेकडा १०. म्हणजे ज्या हृदयाच्या भल्यासाठी वजन उतरवावयाचे, त्यालाच धोका वाढला. युरोपात आणि अमेरिकेत ते त्याच वर्षी मागे घेतले, आपल्याकडे २०११ मध्ये बंदी आली. ही परीक्षा औषध विकावयास लागल्यापासून बारा-तेरा वर्षांनी उत्तरली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मधल्या काळात आमच्यासारखे हजारो डॉक्टर सद्हेतूने ते लिहीत होते. युरोपात २००६ साली आलेले रिमोनाबांट तर दोन वर्षांतच गेले. त्याने भुकेबरोबर माणसाची जगण्याची उमेदही कमी होऊ लागली होती.

इतक्या वेळा हात पोळल्यावर २०२१ पासून जे नवे औषध गाजू लागले, त्याकडे आम्ही संशयाने पाहिले यात नवल नाही. ही आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचून घ्यावयाची इंजेक्शने. यांचे मूळ आतड्यातील एका 'पुरे' म्हणणाऱ्या निरोपात, जीएलपी-१ नावाच्या द्रव्यात आहे. जेवण झाले की ते रक्तात येते आणि दोन-तीन मिनिटांत नाहीसे होते. ते टिकवावयाचे कसे, हा प्रश्न होता. त्याचे एक उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातील गिला मॉन्स्टर या विषारी, जाड्या सरड्याच्या विषात निघाले! न्यूयॉर्कचे जॉन एंग यांना १९९० नंतरच्या वर्षांत त्या विषात या द्रव्याचा दीर्घायुषी भाऊबंद मिळाला, आणि त्यावरून घडविलेले मधुमेहाचे औषध २००५ साली आले. पुढे दुसऱ्या वाटेने जाऊन आठवडाभर टिकणारे सेमाग्लुटाइड तयार झाले. वजनासाठी त्याची परीक्षा १,९६१ माणसांवर झाली. ६८ आठवड्यांत वजन सरासरी शेकडा १४.९ उतरले, खोट्या इंजेक्शनाने २.४. टिर्झेपाटाइड या त्याहून नव्या औषधाच्या मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१. आपल्या देशात ही दोन्ही वजनासाठी म्हणून २०२५ साली आली.

पण किलोंच्या आकड्यांनी आम्ही पूर्वी एकदा फसलो होतो. आमची नजर दुसऱ्या दोन आकड्यांवर होती. पहिला हृदयाचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत हृदयविकार असलेले पण मधुमेह नसलेले १७,६०४ लोक घेतले होते, आणि सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत हृदयाच्या गंभीर आपत्ती शेकडा २० नी कमी झाल्या. सिब्युट्रामिनला विचारलेल्याच प्रश्नाचे हे उलटे उत्तर. येथे आमचा विरोध मावळला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र हा अनुभव सरासरी तीन-सव्वातीन वर्षांचा आहे, तीस वर्षांचा नव्हे.

दुसरा आकडा औषध सोडल्यानंतरचा. सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. हे वाचून पुष्कळांनी नाके मुरडली, की काय हे औषध! रक्तदाबाची गोळी बंद केली तर रक्तदाब वाढतो, तेव्हा आपण गोळीला नावे ठेवीत नाही, रोग्यालाही नाही. मिनेसोटातील ते तरुण आठवा. पहारेकरणीला औषधाने झोप लागली होती, ती उठली. आमच्या शिक्षिकाबाईंचे सात किलो परत आले ते याच वाटेने, आणि आम्ही मात्र त्यांचे तोंड काढले होते.

म्हणून कोणी भूक मारण्याचे औषध मागावयास आला, की आम्ही पूर्वी विचारीत नव्हतो असा एक प्रश्न आता आधी विचारतो: हे किती दिवस घेणार? "लग्न तीन महिन्यांवर आहे," असे उत्तर आले तर आम्ही सरळ नाही म्हणतो, मग पाहुणे ओळखीचे असोत वा नसोत. तीन महिन्यांचा खर्च, तीन महिन्यांची मळमळ, आणि वर्षाने पुन्हा तेच वजन, हा व्यवहार कोणाच्याच हिताचा नाही. ज्याला गरज आहे त्याने मात्र वर्षानुवर्षे घेण्याची तयारी ठेवावी. महिन्याकाठी काही हजार रुपये लागतात, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने ते आणावयाचे कोठून, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

गरज कोणाला, हे ठरविताना आपण आपल्या मापाने मोजले पाहिजे. येथे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची एक गंमत सांगतो. त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक दोघांचा २२.३. पण अंगातील चरबी युडकिनांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२! आपण दिसावयास सडपातळ आणि आतून चरबीदार. म्हणूनच आपल्याकडे २५ निर्देशांकालाच लठ्ठपणा म्हणतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटीमीटर व स्त्रियांत ८० यांच्या पुढे गेला की सावध करतात. तरी आकडा ओलांडला की लगेच इंजेक्शन, असे नव्हे. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, घोरणे, यकृतात साठलेली चरबी, हे सोबती कोण कोण आहेत ते पाहावयाचे.

आणि चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये. चिठ्ठीचा कायदा आहेच, पण आम्ही कायद्यासाठी सांगत नाही. मात्रा फार लहान आरंभ करून कित्येक आठवडे चढवीत न्यावी लागते. घाई केली की उलट्यांनी माणूस हैराण होतो. बद्धकोष्ठ होते, पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडास सूज येते. थायरॉइडचा एक विशिष्ट कर्करोग घरात कोणास झाला असेल तर ते घ्यावयाचे नाही. मूल हवे असेल तर आधीच थांबवावे लागते. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांस आवर्जून सांगावे लागते, कारण उपाशी असलेल्या माणसाच्याही पोटात अन्न राहिलेले असू शकते. वजनाबरोबर स्नायूही जातात. म्हाताऱ्या माणसाचे स्नायू गेले तर तो बारीक होऊन पडेल आणि माकडहाड मोडून घेईल. तेव्हा भूक नाही म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढावयाचा नाही. थोडेच खावे, पण त्यात उसळ, वरण, दही, चालत असेल त्यांनी अंडे, हे आधी. आणि हातापायांना वजन उचलण्याचा व्यायाम. हे इंजेक्शन देणाऱ्याने सांगितले नाही, तर त्याने अर्धेच काम केले.

त्या शिक्षिकाबाई पुढे परत आल्या. मधुमेह झाला होता म्हणून आल्या. आम्ही प्रथम जुन्या वाक्याबद्दल त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या डॉक्टर, मलाही तसेच वाटत होते." आता त्या सेवानिवृत्त आहेत आणि नवे इंजेक्शन घेतात, मुलगी पैसे पाठविते. पहिल्या दोन महिन्यांनी आम्ही विचारले, भूक गेली का? त्या म्हणाल्या, "भूक लागते. डोक्यातली भुणभुण थांबली. पूर्वी वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा डबा आठवायचा. परवा ताटात अर्धी पोळी तशीच राहिली, आणि मला रडूच आले. इतकी वर्षे बाकीचे लोक असेच जगत होते काय?"

आम्ही त्यांचा रक्तदाब घेतला. तो व्यवस्थित होता. नाडी किंचित जलद वाटली म्हणून पुन्हा एकदा मोजली, आणि पुढच्या महिन्यात बोलाविले आहे.